ग्रंथपालातला गोपाळ

मी शाळेत होतो तेव्हा आमचे ग्रंथालय मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे होते. दोन लाकडी कपाटे, त्यांना काचेची दारे आणि दारांना कुलूप. रजेचा अर्ज किंवा दाखला घेऊन आत गेलो, की सही होईपर्यंत काचेतून पुस्तकांची नावे वाचता यायची. त्यातली दहा-बारा नावे मला आजही ओळीने सांगता येतील. शाळेत असताना त्यातले एकही पुस्तक मी वाचले नाही. किल्ली कार्यालयातल्या खणात असे आणि ती मागण्याचे धाडस आमच्यापैकी कोणातच नव्हते. वर्षातून एकदा, तपासणीच्या आधी, कपाटे उघडत. धूळ झटकली जाई, दाखल नोंदवहीतला आकडा पुस्तकांशी ताडून पाहिला जाई आणि कुलूप पुन्हा लागे. इतक्या वर्षांत एकही पुस्तक गहाळ झालेले नाही, हे पाहुण्यांना अभिमानाने सांगितले जाई.

त्या अभिमानाचा पायाच चुकीचा होता, असे मला आज वाटते. पुस्तके गहाळ झाली नाहीत, पण शेकडो मुलांची वाचायची वर्षे गहाळ झाली आणि त्यांची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही. यात एखाद्या माणसाचा दोष शोधण्यात अर्थ नाही. पुस्तकांची जबाबदारी कोणावर तरी टाकलेली होती, वाचकांची जबाबदारी कोणावरच नव्हती. माझे म्हणणे एवढेच आहे, की शाळेतला ग्रंथपाल हा शिक्षक आहे, वाचन हा त्याचा विषय आहे, आणि त्याच्या कामाचे मोजमाप कपाटात शिल्लक राहिलेल्या पुस्तकांवरून होता कामा नये. ते कपाटाबाहेर पडलेल्या पुस्तकांवरून झाले पाहिजे. हे मान्य केले, तर शाळेच्या वेळापत्रकापासून शासनाच्या संचमान्यतेपर्यंत बरेच काही बदलावे लागेल.

'ग्रंथपाल' हा शब्दच थोडा उलगडून पाहू. त्यातला 'पाल' द्वारपालात आहे, तसाच गोपाळातही आहे. द्वारपाल दाराशी उभा राहतो आणि आत-बाहेर करणाऱ्याला अडवतो. गोपाळ सकाळी गोठ्याचे दार उघडतो आणि गुरे रानात नेतो. कुठे चारा चांगला, पाणी कुठे, कोणती गाय लंगडते आहे, हे त्याला ठाऊक असते. दिवेलागणीला तो गुरे मोजून परत आणतो. मोजणी तोही करतो, पण दिवसभर चरून आलेल्या गुरांची. दावणीला बांधून ठेवलेल्या गुरांचा आकडा कधीच कमी भरत नाही, आणि तरी ती खंगत जातात. आपल्या शाळांनी ग्रंथपालातला द्वारपाल तेवढा ठेवला आणि गोपाळ घालवला.

हे दुखणे नवे नाही. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ साली आपला अहवाल दिला. त्यात शालेय ग्रंथालयांचे जे वर्णन आहे, ते वाचताना मला माझ्या शाळेची कपाटे आठवली. बहुतेक शाळांत नाव घेण्याजोगे ग्रंथालयच नाही, पुस्तके जुनी आणि मुलांच्या आवडीशी न जुळणारी, खोली अपुरी आणि उदास, आणि कारभार एखाद्या कारकुनाकडे किंवा पुस्तकांची ओढ नसलेल्या शिक्षकाकडे, असे आयोगाने स्पष्ट नोंदवले. माध्यमिक शाळांना पुरेशी पात्रता असलेला, प्रशिक्षित ग्रंथपाल असावा आणि त्याचा दर्जा शिक्षकांच्या बरोबरीचा असावा, असेही सुचवले. या गोष्टीला सत्तर वर्षे उलटून गेली.

मध्यंतरी काहीच झाले नाही असे नाही. महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि गावोगावच्या वाचनालयांना शासकीय अनुदानाचा आधार मिळाला. पण तो कायदा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी होता, शाळेतले ग्रंथालय त्याच्या कक्षेबाहेर राहिले. शाळांमधले ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यांत मोजले गेले. त्यांचे पद पटसंख्येवर ठरू लागले. मोठ्या शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल, त्याहून लहान शाळेला अर्धवेळ आणि बाकीच्यांना कोणीच नाही. अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून उभे आयुष्य काढलेली माणसे या राज्यात आहेत. मुलांचे वाचन हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, हा निष्कर्ष कोणत्या शिक्षणविचारातून निघाला, याचे उत्तर मला कुठे सापडले नाही.

मग २००९ साली शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, तिथे वर्तमानपत्रे, नियतकालिके, सर्व विषयांवरची पुस्तके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे लिहिले आहे. 'गोष्टींची पुस्तके' हा उल्लेख मला फार मोलाचा वाटतो. गोष्ट वाचणे हा मुलाचा हक्क आहे, हे कायद्याने मान्य केले. त्याच परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक नेमायला सांगितले आहे. ग्रंथपालाचा उल्लेख मात्र नाही. ग्रंथालय आहे, त्यात कोणती पुस्तके असावीत हेही आहे. ती पुस्तके मुलाच्या हाती देणारा माणूस तेवढा राहून गेला. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांची खोली, ही आपल्या सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेली समजूत त्या परिशिष्टात उतरली आहे.

ही समजूत मोडून काढणारा माणूस आपल्याच देशात होऊन गेला. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि पहिल्या काही दिवसांतच त्या शांत खोलीला इतके कंटाळले, की पुन्हा शिकवायला जाऊ द्या म्हणून मागे लागले. त्यांना आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालये पाहून येण्यास सांगण्यात आले. तिथून परतलेला माणूस वेगळाच होता. त्यांनी कपाटे वाचकांना खुली केली. १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, इथून ती सुरू होतात. पुढे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये आणि ग्रंथालय सतत वाढत राहावे, असा त्यांचा आशय आहे. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. वर्गीकरणाच्या पद्धतीसाठी त्यांचे नाव घेतो. पण ते मुळात शिक्षक होते आणि शिक्षक म्हणूनच त्यांना ग्रंथालय कळले, ही गोष्ट शाळांनी लक्षात ठेवली नाही.

आता ग्रंथपालाच्या कामाकडे वळू. ग्रंथपाल नेमके करतो काय, असा प्रश्न पालक विचारतात, कधीकधी शिक्षकही विचारतात. पुस्तक देणे आणि घेणे, शिक्का मारणे, क्रमांक टाकणे एवढेच दिसते म्हणून तो प्रश्न येतो.

पहिले काम निवडीचे. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये अनुदानाची तरतूद झाली. पाच हजारांत पन्नासएक चांगली बालपुस्तके सहज येतात. नीट निवडली, तर एका छोट्या शाळेचे वर्ष उजळून निघेल. पण निवडणार कोण? निधी हाती पडतो तेव्हा मार्चअखेर आलेली असते, खर्च दाखवायचा असतो, आणि विक्रेत्याने बांधून दिलेला गठ्ठा जसाच्या तसा शाळेत येतो. त्यात थोर पुरुषांची घाईघाईत लिहिलेली चरित्रे असतात, निबंधमाला असतात, सामान्यज्ञानाच्या प्रश्नोत्तरांची पुस्तके असतात. मूल दोन पाने उलटते आणि पुस्तक ठेवून देते. मग आपण म्हणतो, आजकालची मुले वाचत नाहीत.

मराठीत मुलांसाठी चांगले लिहिले गेलेले नाही, हे खरे नाही. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' घरोघरी गेली. विंदा करंदीकरांनी मुलांसाठी लिहिलेल्या कविता आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके आहेत. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले 'किशोर' मासिक आजही निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी विनामूल्य आहेत. एवढ्या साहित्यातून कोणत्या मुलाला काय द्यायचे, हे ओळखण्यासाठी मात्र ते आधी स्वतः वाचलेले असावे लागते. बालसाहित्य न वाचलेला शालेय ग्रंथपाल हा चव न घेता स्वयंपाक करणाऱ्यासारखा आहे.

आणि निवड म्हणजे नुसती चांगल्या पुस्तकांची यादीही नाही. आठवीतला एखादा मुलगा अजून अडखळत वाचतो. त्याला पहिलीचे चित्रपुस्तक दिले तर तो शरमेने ते दप्तरात लपवेल आणि उद्या न उघडता परत करेल. त्याला वाक्ये लहान पण विषय त्याच्या वयाचा असलेले पुस्तक हवे. साप, क्रिकेट, विहीर खणणे, ट्रकचे इंजिन, काहीही चालेल. मेळघाटातल्या मुलाच्या घरी कोरकू बोलली जाते, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, नंदुरबारला भिली किंवा पावरी. त्या मुलांना पहिल्याच दिवशी प्रमाण मराठीचे जाड पुस्तक देणे म्हणजे पोहायला न येणाऱ्याला खोल पाण्यात सोडणे आहे. घरच्या बोलीतली गोष्ट आधी कानावर पडली, मग तीच गोष्ट कागदावर दिसली, की पुस्तक परके राहत नाही. हे कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत लिहिलेले नसते. ते ज्याला ठाऊक आहे, तो माणूस शाळेत हवा.

निवडीची दुसरी बाजू काढून टाकण्याची. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ साली वगळण्यात आले, पण नऊ ग्रह शिकवणारी पुस्तके अजून कित्येक कपाटांत आहेत. निर्लेखन हा शब्द ऐकला की शाळा घाबरतात, कारण त्यासाठी ठराव लागतो, सह्या लागतात, आणि दाखल नोंदवहीतला आकडा कमी होतो. म्हणून वाळवी लागलेली आणि कालबाह्य झालेली पुस्तके मोजणीसाठी जपली जातात. ज्या कपाटातून काहीच काढले जात नाही, त्यात नव्या पुस्तकाला जागा उरत नाही आणि चांगले पुस्तक वाईटाच्या गर्दीत सापडत नाही.

दुसरे काम गाठ घालून देण्याचे. या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण ग्रंथपालनाच्या अंगाने आपण ते क्वचितच पाहतो. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचत बसे. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर त्याच बागेत येत. त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, त्याला पुस्तके द्यायला सुरुवात केली. पुढे तो परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल सत्काराची सभा भरली, तेव्हा केळूसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या पुस्तकाचा आपल्यावर किती खोल परिणाम झाला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ते चरित्र बडोद्याच्या सयाजीराव ग्रंथमालेसाठी लिहिलेले होते, आणि याच केळूसकरांनी पुढे आंबेडकरांसाठी सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीची खटपट केली.

केळूसकर पेशाने ग्रंथपाल नव्हते. पण त्यांनी जे केले, ते अस्सल ग्रंथपालाचे काम होते. वाचणारे मूल त्यांनी हेरले, आपणहून त्याच्याजवळ गेले, त्याला पुस्तक दिले आणि त्याच्या पुढच्या वाटेची काळजी वाहिली. त्या मुलाला संस्कृत शिकण्याची दारे बंद होती, समाजातली इतरही अनेक दारे बंद होती. एका माणसाने पुस्तकाचे दार उघडले. प्रत्येक शाळेतून आंबेडकर निघेल, असे मी म्हणत नाही. पण बागेत एकटे वाचत बसणारे मूल आजही प्रत्येक शाळेत असते. त्याला केळूसकर भेटणे हे नशिबावर सोडायचे, की ते कोणाचे तरी नेमून दिलेले काम असावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

या गाठीत विश्वासाचाही भाग येतो. एखादी मुलगी पाळीविषयीचे पुस्तक मागते. एखादा मुलगा दारूच्या व्यसनाविषयी काही आहे का विचारतो. कोणी मृत्यूबद्दलचे पुस्तक पुन्हा पुन्हा नेते. अशा मुलाला ग्रंथपालाने कारण विचारू नये, वर्गात त्याचे नाव घेऊ नये, देवघेवीची वही कोणालाही चाळू देऊ नये. मूल खरोखर संकटात आहे असे दिसले, तर योग्य माणसापर्यंत ते हळुवारपणे पोहोचवावे. शाळेत मुलाला गुण न देणारी, शिक्षा न करणारी एकच प्रौढ व्यक्ती असते, ती म्हणजे ग्रंथपाल. मुले त्याच्याशी निराळे बोलतात, ते त्यामुळेच. ही जागा जपणे हे पुस्तके जपण्याइतकेच मोठे काम आहे.

तिसरे काम शोधायला शिकवण्याचे. शाळेत प्रकल्प दिला जातो. 'पाण्याचे प्रदूषण' हा विषय मिळाला की मूल कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. तिथे तयार मजकूर आणि चित्रांचा तक्ता मिळतो. तो चिकटवला की प्रकल्प झाला. मुलाला त्यातले काही कळलेले नसते आणि त्याच्या गावच्या ओढ्याचे नावही त्यात नसते. हेच मूल ग्रंथपालाकडे गेले, तर तो म्हणेल, आधी मराठी विश्वकोश उघड. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघालेले ते खंड आता संगणकावरही आहेत. अकारविल्हे नोंद कशी शोधायची, ते तो शिकवेल. मग महिनाभराची वर्तमानपत्रे काढून देईल. मग सांगेल, आता घरी जाऊन आजोबांना विचार, तुमच्या लहानपणी ओढ्याचे पाणी प्यायचात का? तीन ठिकाणी तीन गोष्टी मिळाल्या, की त्या एकमेकींशी जुळतात का, हे पाहायला मूल आपोआप शिकते.

आज मुलाच्या हाती फोन आहे. प्रश्न विचारला की यंत्र क्षणात उत्तर देते, तेही स्वच्छ मराठीत आणि पूर्ण आत्मविश्वासाने. हे कोण सांगते आहे, कधी सांगितले आहे, आणि सांगणाऱ्याला ते कशावरून कळले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलाला नाही, ते प्रत्येक पुढे पाठवलेल्या संदेशावर विश्वास ठेवेल. ही सवय लावण्याचा तास वेळापत्रकात कुठेच नाही. मोबाइल आल्यावर ग्रंथपालाची गरज संपली, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की रानात वाटा जितक्या जास्त, तितकी वाट ठाऊक असलेल्या माणसाची गरज जास्त.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते फुटकळ नाहीत. पहिला पैशाचा. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा आहेत. तिथे दोन शिक्षक मिळायची मारामार, ग्रंथपाल कुठून आणायचा? हा आक्षेप मला मान्य आहे. प्रत्येक शाळेला एक ग्रंथपाल, असा आग्रह मी धरणार नाही. पण दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र ही रचना आपल्याकडे आधीच आहे. केंद्राला एक प्रशिक्षित बालग्रंथपाल दिला, आणि त्याने आठवड्यातून दोन शाळांत पेट्या घेऊन जायचे ठरवले, तर महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येक शाळेत नवी पुस्तके पोहोचतील. हे स्वप्नरंजन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. त्यांच्या देखरेखीखाली संस्थानात ग्रंथालयांचे खाते उभे राहिले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाला जे जमले, ते आज या राज्याला जमू नये, असे कोणतेही कारण नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे काम शिक्षक करू शकतो. करू शकतो, आणि अनेक शिक्षक मनापासून करतातही. वर्गाच्या कोपऱ्यात दोरी बांधून पुस्तके टांगणारे, स्वतःच्या खिशातून मासिके आणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण त्यांच्या उत्साहावर सगळी व्यवस्था उभी करणे अन्यायाचे आहे. शिक्षकाची बदली झाली, की ती दोरी सुटते. शिवाय त्याच्या डोक्यावर पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामे आहेत. लहान शाळेत शिक्षकालाच ग्रंथपाल व्हावे लागणार असेल, तर त्याला त्यासाठी आठवड्याचे ठरावीक तास मोजून द्यावेत आणि प्रशिक्षण द्यावे. काम द्यायचे आणि वेळ द्यायचा नाही, ही पद्धत थांबली पाहिजे.

तिसरा आक्षेप निकालाचा. ग्रंथपाल नेमल्याने मुलांचे काय भले होते, हे दाखवा, असे विचारणारे विचारतात, आणि त्यांना तो अधिकार आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या शाळांत ग्रंथालयाचे मनुष्यबळ आणि संग्रह चांगला, त्या शाळांत मुलांचे वाचनाचे गुण वरचे होते. वस्तीची आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यावरही हा संबंध टिकला. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली, असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि अमेरिकेचे निष्कर्ष मेळघाटाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही मी मान्य करतो. पण दुसरी बाजूही पाहा. 'असर' पाहणीनुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या ग्रामीण मुलांचे प्रमाण देशात २०१८ साली ५०.५ टक्के होते, ते २०२२ साली ४२.८ टक्क्यांवर आले. मधल्या काळात करोनाने शाळा बंद ठेवल्या होत्या. पण पाच वर्षे शाळेत जाऊन निम्मी मुले वाचू शकत नाहीत, ही अवस्था त्याच्या आधीची आहे. नुसते पाठ्यपुस्तक पुरेसे असते, तर ही वेळ आली नसती. पोहणे शिकायला पाणी लागते आणि वाचन शिकायला वाचावीशी वाटणारी पुस्तके लागतात, हे सिद्ध करण्यासाठी परदेशी अभ्यासाची गरज पडू नये.

ग्रंथपालांचे हक्क मागताना त्यांच्या जबाबदारीविषयीही स्पष्ट बोलायला हवे. वर्षानुवर्षे दुय्यम वागणूक मिळाली म्हणून काही ग्रंथपालांनी स्वतःच द्वारपालाची भूमिका पत्करली आहे. हात लावू नका, बोलू नका, एकच पुस्तक मिळेल, बुधवारी या, अशा पाट्या मुलांच्या मनावर कायमच्या कोरल्या जातात. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा भर वर्गीकरण, तालिकीकरण आणि संगणकीकरणावर असतो. ते आवश्यक आहे, पण सात वर्षांच्या मुलाला गोष्ट कशी वाचून दाखवावी, हेही तितकेच आवश्यक आहे. शालेय ग्रंथपालाने आठवड्याला निदान दोन बालपुस्तके वाचावीत. मुलांची नावे त्याला पाठ असावीत. एखादे मूल महिनाभर ग्रंथालयात फिरकले नाही, तर ते त्याच्या लक्षात यावे. विज्ञानाच्या बाई पुढच्या आठवड्यात कोणता धडा घेणार आहेत, हे त्याने विचारावे आणि त्या धड्याला जोडणारी पाच पुस्तके त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवावीत. मान मागून मिळत नाही, पण अशा कामाने तो शिक्षकांच्या खोलीत आपोआप तयार होतो.

मात्र हे सगळे करायला त्याचे हात मोकळे असायला हवेत. रजेवरच्या शिक्षकाच्या वर्गावर ऑफ तासाला ग्रंथपालाला पाठवणे ही बहुतेक शाळांतली रोजची गोष्ट आहे. त्या तासाला ग्रंथालयाला कुलूप लागते. त्याहून मोठी भीती गहाळ पुस्तकांच्या वसुलीची. पुस्तक हरवले तर आपल्या पगारातून भरावे लागेल, या धास्तीने कपाटे बंद राहतात. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर, वर्षभरात वापरलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणे वाजवी मानले आहे. शासन स्वतः हे मानते, तर शाळेच्या व्यवस्थापनालाही ते मानता आले पाहिजे. मुले पुस्तके वापरणार असतील, तर काही हरवतील, काही भिजतील, काही धाकट्या भावंडाच्या हाती पडून फाटतील. त्यासाठी दरवर्षीच्या खर्चात थोडी रक्कम बाजूला ठेवणे हा उपाय आहे, कुलूप हा उपाय नाही.

१५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, आपल्या राज्यातल्या शाळा २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन पाळतात. त्या दिवशी मुले ओट्यावर, झाडाखाली बसून वाचतात, ते दृश्य मला मनापासून आवडते. पण शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरवायला सांगितले आहे. प्रेरणा एका दिवसाची असते, सवय बाकीच्या दिवसांत लागते. आठवड्याला एक वाचनतास वेळापत्रकात पक्का हवा आणि तो गणिताला उसना देता येणार नाही, असा नियम हवा. ग्रंथपालाला शिक्षकांच्या बैठकीत जागा आणि शिक्षकाचा दर्जा हवा. देशातल्या केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद आहे आणि त्याचा वेतनस्तर प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाइतका आहे, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. पुस्तकखरेदी मार्चअखेरीऐवजी जूनमध्ये आणि मुलांना विचारून व्हावी. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी, ग्रंथालयात किती पुस्तके आहेत, या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा. या वर्षी सर्वांत जास्त झिजलेले पुस्तक कोणते, ते दाखवा.

शाळा सोडल्यावर बऱ्याच वर्षांनी मी त्या काचेआडच्या नावांतली काही पुस्तके विकत घेतली. वाचली. ती खरोखरच चांगली होती. कोणी तरी, केव्हा तरी, आमच्यासाठी जाणीवपूर्वक निवडलेली होती. त्या अनोळखी माणसाबद्दल मला कृतज्ञता वाटली. पण बाराव्या वर्षी वाचायचे पुस्तक चाळिशीत हाती आले, की त्याची रचना कळते, भाषा आवडते, लेखकाचे कौतुक वाटते. त्यातल्या मुलाबरोबर धावत सुटता मात्र येत नाही. ते धावणे ज्या वयात असते, त्या वयात आम्ही काचेच्या अलीकडे उभे होतो आणि पुस्तके पलीकडे होती. मध्ये हातभर अंतर होते. ते अंतर ओलांडून पुस्तक पुढे करणारा एक माणूस आज प्रत्येक मुलाला मिळावा, एवढ्यासाठी हे सगळे लिहिले.